वासच नाही आला

गेल्या कार्तिकातली गोष्ट. सोयाबीनचा हंगाम ऐन भरात होता आणि आडतीवरून घरी यायला नऊ वाजून गेले होते. दार नुसतं लोटलेलं. बाहेरच्या खोलीत पोरगी फरशीवर पुस्तकं पसरून, दाराकडं पाठ करून बसलेली. लातुरात अकरावी-बारावीचं लेकरू घरात असलं की बाकीच्यांनी पाहुण्यासारखं वावरायचं असतं, टीव्हीचा आवाजसुद्धा तिला विचारून. म्हणून मी गपचूप चपला काढल्या, डब्याची पिशवी खुंटीला अडकवली, माठातलं पाणी प्यालो आणि काय वाचतेय बघावं म्हणून तिच्या मागं जाऊन उभा राहिलो. पान उलटताना तिला काहीतरी जाणवलं असेल. वळली आणि एवढी दचकली की हातातला पेन पार कॉटखाली गेला.

"पप्पा! कधी आलाव? वासच नाही आला."

एवढंच म्हणाली, वाकून पेन काढला आणि परत वहीत डोकं घातलं. मी हातपाय धुतले, जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, मेथी, शेंगाची चटणी. बायकोनं दोनदा विचारलं, "गप का हाव?" काही झालं असतं तर सांगितलं असतं.

सिगारेट सोडून तेव्हा पाच महिने झाले होते. ते वाक्य ऐकून खरं तर मी पेढे वाटायला पाहिजे होते. पण बावीस वर्षं मी ह्या समजात होतो की घरात कुणाला वास येत नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून बडीशेप खायचो, वर एक विलायची, आणि कोपऱ्यावरच्या वाड्याच्या कुंपणातून लिंबाचा पाला तोडून बोटांवर चुरगळायचो. वाड्यातली म्हातारी त्या झाडाला त्या बाजूनं फांदी का फुटत नाही म्हणून हैराण असायची. एवढा बंदोबस्त करून मी घरात शिरायचो, आणि माझ्या आधी माझा वास शिरलेला असायचा. पोरीला माझं येणं गाडीच्या आवाजावरून नाही, पावलांवरून नाही, वासावरून कळायचं. आणि ती कधी त्याबद्दल बोलली नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे असंच तिला वाटलं नसणार. बापाच्या अंगाला तसाच वास असतो.

दवाखान्यात एक तक्ता लावलेला असतो, तुम्हीही पाहिला असेल. सिगारेट सोडल्यावर एका दिवसात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, काही आठवड्यांनी फुप्फुसं सुधारायला लागतात, वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. सगळं खरं आहे, आणि डॉक्टरांनी बोट ठेवून ठेवून मला ते वाचूनही दाखवलं. पण निम्मा झालेला धोका हाताला लागत नाही हो. सकाळी उठून तो कुठं बघायचा? मी मुनीम माणूस. जे काट्यावर चढतं आणि हिशोबपट्टीवर लिहिता येतं तेवढंच मला कळतं. आणि सिगारेट सोडल्यावर जे जे माझ्या हाताला लागलं, त्यातलं बरंचसं त्या तक्त्यात नव्हतं.

सोडली ती मृगाच्या तोंडावर. बाजार थंड असतो तेव्हा, जुनी तूर संपत आलेली, नवं काही नाही. कारण विचाराल तर मोठं काही नाही. एरवी मी सुटी घ्यायचो, एकेक. राज्यात 2020 साली सुटी सिगारेट विकायला बंदी आली, पण आमच्या टपरीवर ती बातमी पोहोचली तरी तिथं थांबली नाही. सुटी घेणाऱ्याला एक सोय असते: पाकीट कधी हातात येत नाही, त्यामुळं पाकिटाचा पंच्याऐंशी टक्के भाग व्यापणारा तो फोटो आपल्यासाठी नसतोच. तो टपरीवाल्यानं बघायचा. त्या दिवशी दुसऱ्या गावी लग्नाला जायचं होतं म्हणून अख्खं पाकीट घेतलं, आणि एसटीत बसल्या बसल्या वाचायला दुसरं काही नव्हतं. फोटोखाली नंबर होता, 1800-11-2356. सोडायचं नव्हतं, पण फुकटचा नंबर आहे म्हणून लावला. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. एवढंच म्हणाल्या की एक तारीख ठरवा आणि घरातल्या एकाला सांगा. तारीख ठरवली. घरातल्या एकालाही सांगितलं नाही. हरलो तर तोंड कुठं लपवायचं, हा हिशोब.

पहिले तीन दिवस वाईट गेले, ते सांगण्यात मजा नाही. चौथ्या दिवशी मला तलफेचं माप सापडलं. ती येते तेव्हा वाटतं आता ही जाणार नाही, पण पाचेक मिनिटांत तिचा जोर ओसरतो. तेवढ्या वेळात आमच्या काट्यावर दहा-बारा कट्टे होतात. (आमच्याकडं कट्टा म्हटलं की दोन अर्थ, एक धान्याचा आणि एक बिड्यांचा. मी एकातून सुटायला दुसरा मोजत होतो.) तलफ आली की मी गादीवरून उठून काट्यापाशी जाऊन उभा राहायचो. मापाड्याला वाटलं मुनीमजींना आपल्या मापावर संशय आहे. चार दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही.

वासाबद्दल लोक फार गोड बोलतात. सिगारेट सोडली की फुलांचे वास येतात, पहिल्या पावसात मातीचा वास येतो म्हणे. मला पहिला वास आला तो घरामागच्या नालीचा. सकाळी दात घासत मोरीत उभा होतो आणि एकदम नाकात भपकारा आला. बायकोला म्हटलं, नाली तुंबली का? ती म्हणाली, "चार वर्षं झाली तुंबून. नगरसेवकाला तीनदा सांगा म्हटलं होतं तुम्हाला." त्यानंतर आठ-दहा दिवस जगातली एकेक घाण माझ्याकडं हजेरी लावायला आली. ओलं गोणपाट. रिक्षातल्या गादीचा फोम. आमच्या दुकानातल्या तिजोरीत जुन्या नोटांना येतो तो आंबट वास. आणि टपरी. जिथं मी बावीस वर्षं उभा राहिलो तिला एवढा शिळा, ओल्या राखेसारखा वास असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. आणि तरी सांगतो, तो वास आला की पोटात काहीतरी हलायचं. किळस आणि ओढ, दोन्ही एकाच वेळी. अजूनही हलतं.

मग एक दिवस कोथिंबीर आली.

आमच्या जिल्ह्यातल्या कास्तीच्या कोथिंबिरीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच यांच्या जोडीला. पेपरात वाचून मी दुकानात मोठ्यानं म्हणालो होतो, कोथिंबिरीत काय ठेवलंय, कोथिंबीर ती कोथिंबीर. हमालांतला एक जण त्याच बाजूचा, तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. आता कळतं तो काय बघत होता. श्रावणातला सोमवार होता, बायको विळीवर जुडी चिरत होती आणि मी दोन खोल्या सोडून पट्ट्या जुळवत बसलो होतो. वास तिथं आला. हिरवा, थोडा तिखट, थोडा लिंबासारखा. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यापाशी नुसता उभा राहिलो. बायकोला वाटलं चहा पाहिजे. तिला काय सांगणार? एक काडी उचलून चावत बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी त्या हमालाला म्हटलं, तुमच्याकडची जुडी आण बाबा येताना. त्यानं आणली. पैसे घेतले नाहीत.

पैशाचं वेगळंच झालं. दिवसाला दहा सिगारेटी, दहा रुपयांची एक, म्हणजे शंभर. रोज रात्री शंभराची नोट मी तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकायचो, देव्हाऱ्यामागं. कुणाला सांगितलं नव्हतं. पन्नास दिवसांनी मोजले तर तीन हजार सातशे भरले. मुनिमाच्या हिशोबात तेराशेची तूट! रात्रभर झोप नाही. सकाळी बायको सहज म्हणाली, सिलिंडर संपला तेव्हा त्यातूनच दिले, बाकीचे लाइटबिलाला, तुम्ही घरखर्चालाच ठेवताय ना ते? मला एवढा राग आला की काय सांगू. माझा पराक्रम गॅसवर जळून गेला होता. मग तिला सगळं सांगावं लागलं, तेव्हा ती हसली नाही की रडली नाही. "मला वाटलंच," म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा शंका आली की बडीशेप आणि विलायचीच्या मानानं ह्या घरात लोकांना जास्त कळतं.

झोपेचं म्हणाल तर ती वेगळ्याच कारणानं गेली होती. बाजारात दिवसाला सात-आठ कट चहा होतो, आधीही व्हायचा. पण आता रात्री एकपर्यंत डोळे टक्क. डॉक्टर म्हणाले, सिगारेटच्या धुरानं लिव्हर कॅफिन भराभर निकालात काढतं. धूर थांबला की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. म्हणजे माझा आठ कपांचा चहा एका अर्थानं आता चौदा-पंधरा कपांचा झाला होता. चहा निम्म्यावर आणला. वजन मात्र सहा किलोनं वाढलं, कारण तोंडाला काहीतरी लागायचं आणि आडतीत शेंगदाण्यांना तोटा नाही. खोकला तर आधी वाढला. छातीतली झाडलोट करणारी यंत्रणा पुन्हा कामाला लागली की असं होतं म्हणे. आमच्या शेठनी तेवढ्यात जाहीर केलं, "ओढत होतास तेव्हा बरा होतास."

एकदा पडलोही. सेहेचाळिसाव्या दिवशी. मित्राचे वडील गेले, स्मशानात चितेला अग्नी देऊन सगळे बाभळीखाली बसले होते आणि कुणीतरी पाकीट फिरवलं. हात आपोआप पुढं गेला. अर्धी ओढली, डोकं गरगरलं, विझवली. घरी जाऊन आंघोळ केली ती स्मशानातून आल्याची का त्या अर्ध्या सिगारेटची, मला ठरवता आलं नाही. कॅलेंडरवर रोज फुली मारायचो, ते त्या दिवशी बंद केलं. आता कुणी विचारलं किती दिवस झाले तर मी महिना सांगतो, दिवस सांगत नाही. त्यात थोडी लबाडी आहे.

बाकी किती तरी बारीकसारीक गोष्टी आहेत, ज्यांचा कुणी सत्कार करणार नाही. सौद्याच्या वेळी भाव ओरडताना आवाज मध्येच तुटत नाही, हे आधी एका हमालाला कळलं, मला नंतर. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला भोक पडत नाही. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला उतरत जायचं असतं, त्यामुळं जाताना सगळेच शूर. परत वर येताना मी दरवेळी मधे कठड्याला टेकून कुंकवाच्या दुकानांकडं बघत असल्याचं नाटक करायचो, आणि बायको-पोरगी चार पायऱ्या वर थांबून माझ्या नाटकात सामील व्हायच्या. ह्या नवरात्रानंतर गेलो तेव्हा मी महाद्वारापाशी पोहोचलो आणि मागं वळून बघितलं तर त्या दोघी खाली होत्या. बांगड्या बघत होत्या. खरोखरच.

गमावलं काय, तर टपरी. तिथं भाव कळायचे, कुणाची सोयरीक मोडली ते कळायचं, कोणता व्यापारी हात वर करणार ते सहा महिने आधी कळायचं. आता मी तिथं चहाचा ग्लास घेऊन उभा राहतो, पण धूर निघत नसलेल्या माणसासमोर लोक अर्धंच बोलतात. "काय मुनीमजी, खरंच सोडलाव का?" असं विचारतात, आणि त्यात कौतुक असतं तसं थोडं परकेपणही.

येळवशीला शेतावर गेलो. बाहेरच्यांना सांगावं लागतं, लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. बाजार बंद, रस्ते रिकामे, सगळे आपापल्या नाही तर दुसऱ्याच्या रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, मडक्यात आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. ह्या भज्जीला दरवर्षी मी मनातून नावं ठेवायचो. सगळ्या शेंगा, सगळा पाला, डाळीचं पीठ एका पातेल्यात, कशालाच वेगळी चव नाही. ह्या वर्षी पहिल्या घासाला वाल वेगळा लागला, ओला हरभरा वेगळा, तुरीचे दाणे वेगळे. आंबिलीतला लसूण नंतर, मागून आला. पंगतीत बसून मी एकेक ओळखत होतो, हजेरी घेतल्यासारखा. "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत भावानं पिकात आंबील शिंपडली, पोरं त्याच्या मागं ओरडत गेली.

जेवल्यावर पुरुषमाणसं आंब्याखाली. मावसभावानं पाकीट काढलं, सवयीनं माझ्यापुढं धरलं, मग जीभ चावली. मी तिथून उठलो, पळालोच म्हणा. शेतातल्या खोलीत जाऊन आडवं व्हावं म्हटलं आणि पांघरायला काहीतरी शोधताना आबांची पत्र्याची ट्रंक उघडली.

आबा बिडी ओढायचे. शेतात असले की कानावर एक, बसले की तोंडात एक. शेवटची तीन वर्षं दम्यानं उताणं झोपता यायचं नाही त्यांना, भिंतीला टेकून रात्र काढायचे. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. लहानपणी जत्रेवरून बैलगाडीतून परत येताना मी त्यांच्या घोंगडीत झोपायचो. एकदा जत्रेत हरवलो होतो, सहा-सात वर्षांचा असेन. गर्दीत सगळी धोतरं सारखीच. रडत नव्हतो, वास घेत होतो, आणि सापडले ते मला वासावरूनच. बिडी, बैल, घाम. ते गेल्यावर आईनं घोंगडी ट्रंकेत ठेवली, कडुलिंबाचा पाला घालून. मी दरवर्षी येळवशीला ती काढून नाकाला लावायचो. काही यायचं नाही. दुसऱ्या वर्षीच मी आईला म्हटलं होतं, आबांचा वास उडाला ग ह्यातला. आई काही बोलली नव्हती.

ह्या वर्षी झाकण उचललं आणि ते होते.

नुसते पाल्याआडून. घोंगडी उलगडायचीही गरज नव्हती. बिडीचा तो तंबाखू आणि जळलेल्या पानाचा जाड वास, त्याच्या खाली लोकरीचा, त्याच्याही खाली त्यांचा. नऊ वर्षं तिथंच होता. मी उंबऱ्यात बसलो घोंगडी मांडीवर घेऊन. बाहेर आंब्याखाली माझ्या भावांचा धूर, मांडीवर बापाची बिडी, आणि तलफ अशी आली की काट्यावर शंभर कट्टे झाले असते तरी गेली नसती. पण गेली. तेवढ्यात पोरगी पाणी न्यायला आली, घोंगडीजवळ वाकली आणि नाक मुरडून म्हणाली, "ई, काय हे, बिडीचा वास!" मी म्हटलं, तुझ्या आजोबांचा. ती थोडा वेळ थांबली. परत एकदा वाकली, ह्या वेळी सावकाश. काही बोलली नाही. तांब्या घेऊन गेली.

संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून शेताभोवती पळवतात. मी पळालो. एक पूर्ण चक्कर. धुरानं डोळे भरले आणि खोकलोही, पण तो धूर वेगळा.

त्या कार्तिकापासून मी घरात शिरताना दाराची कडी मुद्दाम वाजवायला लागलो होतो. लेकरू दचकू नये. चपला जरा आपटूनच काढायच्या, घसा खाकरायचा. परवा विसरलो. तूर चालू झालीय, दिवसभर काट्यापाशी उभं राहून पाय गळाले होते, तसाच आत आलो. पोरगी पाठमोरी, पुस्तकात. मी पिशवी अडकवतोय तोवर ती मागं न बघता म्हणाली, "आलाव?"

म्हटलं, कसं कळलं?

"वास येतो की. गोणपाटाचा, तुरीच्या भुश्शाचा." आणि पान उलटलं.

मी मोरीत जाऊन शर्ट काढला, बाहीला नाक लावून बघितलं. मला काहीच आला नाही.